थकलेली बाई, हातोडा मारणारा साहेब आणि मुलांचे निबंध: नागरी हक्क चळवळीवर मुलं लिहितात तेव्हा

सावनी_एनजे

फेब्रुवारी जवळ आला की इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, शाळांमधून कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीवर निबंध लिहायला दिले जातात. मी न्यू जर्सीत हायस्कूलला इंग्रजी शिकवते. मायबाप वाचकांपैकी अनेकांची मुलं याच वयाची आहेत, भारतात साहित्य शिकवणारेही इथे येतात, म्हणून हा धागा.

साधारण पद्धत अशी: एक कथा किंवा कादंबरी वाचायची, एक चित्रपट बघायचा, थोडा इतिहास वाचायचा आणि तिन्ही मिळून विश्लेषण लिहायचं. हातात येतो तो बहुतेक वेळा सारांश असतो. कथेचा, मग चित्रपटाचा, आणि शेवटच्या परिच्छेदात समानता किती महत्त्वाची हे. भाषा स्वच्छ असते, मुलं मनापासून लिहितात. पण चळवळ कशी झाली हे त्या निबंधात कुठेच सापडत नाही.

हमखास येणारा मजकूर साधारण असा असतो: रोझा पार्क्स ही शिवणकाम करणारी थकलेली बाई होती, ती बसमध्ये पुढे गोऱ्यांच्या जागेवर बसली, उठली नाही, मग मार्टिन ल्यूथर किंग यांनी बसवर बहिष्कार पुकारला आणि कायदा बदलला.

आता यातलं एकेक बघा. १ डिसेंबर १९५५ ला अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरीत त्या ज्या जागेवर बसल्या होत्या ती पुढची, गोऱ्यांसाठी राखलेली नव्हती. ती त्यामागची, कृष्णवर्णीयांना बसता येणारी रांग होती. पुढच्या जागा भरल्यावर ड्रायव्हरने ती अख्खी रांग रिकामी करायला सांगितली. त्या थकलेल्या होत्या का? आत्मचरित्रात त्यांनी स्पष्ट लिहिलंय की अंग थकलेलं नव्हतं, सतत नमतं घेण्याचा थकवा आला होता. वय ४२. १९४३ मध्येच त्या एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस झाल्या होत्या. अटकेच्या वर्षी, १९५५ च्या उन्हाळ्यात, टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूल या कार्यकर्ते घडवणाऱ्या शाळेत शिबिराला जाऊन आल्या होत्या. म्हणजे कार्यकर्ती होती ती, आणि चांगली मुरलेली.

बहिष्काराची हाक किंग यांनी नाही दिली. ती दिली जो ॲन रॉबिन्सन यांनी. त्या अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या आणि विमेन्स पोलिटिकल कौन्सिल या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनेच्या अध्यक्ष होत्या. पार्क्सबाईंना अटक झाली त्या रात्री कॉलेजच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर त्यांनी एक सहकारी आणि दोन विद्यार्थ्यांच्या मदतीने हजारो पत्रकं काढली आणि दुसऱ्या दिवशी वाटली. त्या पत्रकात पार्क्सबाईंचं नावच नाही. 'आणखी एका निग्रो स्त्रीला अटक झाली' असं आहे, आणि नाव आहे ते क्लॉडेट कोल्विनचं. कोल्विन ही १५ वर्षांची शाळकरी मुलगी. तिने २ मार्च १९५५ ला, म्हणजे नऊ महिने आधी, हेच केलं होतं.

आणि कायदा? ३८१ दिवस लोक पायी चालले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले. त्यासोबत कोर्टात ब्राऊडर विरुद्ध गेल हा खटला चालला. ऑरेलिया ब्राऊडर, सुझी मॅकडोनाल्ड, क्लॉडेट कोल्विन, मेरी लुईस स्मिथ या त्यातल्या चौघी वादी. पार्क्सबाई त्यात नाहीत. नोव्हेंबर १९५६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूचा, बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल कायम केला.

माझं म्हणणं असं की 'थकलेली बाई' हीसुद्धा एक रचलेली कथा आहे, आणि मुलांनी तिचं विश्लेषण कथेसारखंच केलं पाहिजे. संघटनेतून आलेल्या बाईऐवजी एकटी, गरीब, दमलेली बाई समोर ठेवली की वाचणाऱ्याला दया येते, भीती वाटत नाही. ही कथा कुणाला सोयीची होती? तिच्यामुळे कोण दिसेनासं झालं? हे विचारायला शिकवलं तर चित्रपट आणि कादंबऱ्यांबद्दलही मुलं वेगळं लिहू लागतात, हा माझा अनुभव. तुमचा काय आहे?

चित्रकथी

सावनीताई, धागा महत्त्वाचा आहे, पण एक धोका सांगतो. मी पुण्यात कॉलेजच्या मुलांसाठी चित्रपट रसास्वादाचे वर्ग घेतो. 'इतिहास तपासा' म्हटलं की मुलं चुकांची यादी करतात. हे असं घडलं नव्हतं, तो माणूस तिथे नव्हता, ही तारीख चुकली. अशा यादीला विश्लेषण म्हणता येत नाही. दोन-सव्वादोन तासांत ३८१ दिवस मावणार नाहीत. दिग्दर्शकाला निवड करावीच लागते. आपल्याला त्या निवडीबद्दल लिहायचं असतं.

माझं आवडतं उदाहरण एव्हा ड्यूव्हर्ने यांचा 'सेल्मा' (२०१४), अलाबामातल्या सेल्मा गावात मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्च्यांवरचा. त्यात किंग यांच्या तोंडी जी भाषणं आहेत ती किंग यांची नाहीत. मूळ भाषणांचे चित्रपटासाठीचे हक्क आधीच दुसरीकडे गेले होते, म्हणून ड्यूव्हर्ने यांनी ती नव्याने लिहिली. लय तीच, युक्तिवाद तोच, शब्द वेगळे. हे कळल्यावर एखादा विद्यार्थी 'चित्रपट खोटा आहे' असं लिहून मोकळा होतो. दुसरा मूळ भाषणाची प्रत घेतो, चित्रपटातलं भाषण शेजारी ठेवतो आणि बघतो की दिग्दर्शिकेने पुनरुक्ती कुठे राखली, बायबलचे संदर्भ कुठे कमी केले, कॅमेरा वक्त्यावर किती राहतो आणि ऐकणाऱ्यांवर किती. हा दुसरा विद्यार्थी मला हवा असतो.

त्याच चित्रपटावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना अडथळा म्हणून रंगवल्याचा आक्षेप आला होता. तिथे मात्र कागदपत्रं हाताशी हवीत. १५ जानेवारी १९६५ च्या जॉन्सन-किंग फोन संभाषणाची ध्वनिफीत उपलब्ध आहे. मतदानाचा हक्क नाकारल्याची सगळ्यात वाईट उदाहरणं शोधा आणि लोकांसमोर आणा, असं जॉन्सन स्वतः सांगतात. पण त्या वेळी सेल्मात लोक आधीच उभे राहिलेले होते. स्थानिक कार्यकर्ते आणि 'एसएनसीसी' या विद्यार्थी संघटनेची तरुण मंडळी तिथे १९६३ पासून काम करत होती. म्हणून चित्रपट जॉन्सनवर अन्याय करतो असं म्हणणाऱ्यालाही मी विचारतो: बाबा रे, मग श्रेय नेमकं कुणाला द्यायचं म्हणतोस?

सावनी_एनजे

चित्रकथी, यादीबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. मी यादीऐवजी एक प्रश्न देते: मूळ घटनेत हे काम कुणी केलं आणि पडद्यावर कुणी केलं?

'हिडन फिगर्स' (२०१६) बघा. नासात गणिती म्हणून काम करणाऱ्या कॅथरीन जॉन्सन यांना दूरच्या इमारतीतल्या 'कलर्ड', म्हणजे कृष्णवर्णीयांसाठीच्या, स्वच्छतागृहापर्यंत धावत जावं लागतं, आणि एके दिवशी त्यांचा गोरा साहेब स्वतः ती पाटी फोडून काढतो. थिएटरात या प्रसंगाला टाळ्या पडतात. प्रत्यक्षात असा प्रसंग घडलाच नाही, आणि तो साहेबही दोन-तीन माणसं मिळून बनवलेलं पात्र आहे. मार्गो ली शेटर्ली यांच्या मूळ पुस्तकात हा अपमान मेरी जॅक्सन यांच्या वाट्याला येतो. कॅथरीन जॉन्सन तर पाटी नसलेलं जवळचंच स्वच्छतागृह वापरत होत्या. कुणीतरी तक्रार केली तेव्हाही त्यांनी लक्ष दिलं नाही आणि तेच वापरत राहिल्या. कॅफेटेरियात 'कलर्ड कॉम्प्युटर्स' (कॉम्प्युटर म्हणजे तेव्हा हाताने आकडेमोड करणारी माणसं) अशी पाटी टेबलावर असायची, ती मिरियम मान नावाच्या गणिती बाई पुन्हा पुन्हा उचलून पर्समध्ये टाकायच्या.

यावर माझ्या वर्गातल्या एका मुलाने असा मुद्दा मांडला: या बायकांनी स्वतःच दिलेला नकार चित्रपटाने त्यांच्याकडून काढून घेतला आणि साहेबाच्या हातात हातोडा म्हणून दिला. त्यापुढे त्याने त्या प्रसंगातला कॅमेरा कुठे आहे ते पाहिलं. बायका एका बाजूला उभ्या राहून बघताहेत, घाव घालणारा साहेब मधोमध. इतिहास आणि चित्रभाषा एकाच परिच्छेदात आली. मला वर्षभरात याहून जास्त काही नको असतं.

संत्रानगरी

इथे एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या नागपूरचा या चळवळीशी थेट संबंध आहे आणि तो नागपुरातल्याही फार मुलांना माहीत नसतो.

जेम्स लॉसन नावाचे तरुण कृष्णवर्णीय मेथॉडिस्ट कार्यकर्ते १९५३ ते १९५६ या काळात आमच्या हिस्लॉप कॉलेजात होते. कोरिया युद्धासाठी लष्करात जायला नकार दिला म्हणून ते तुरुंगात जाऊन आले होते. इथे ते शिकवायचे, खेळांचं प्रशिक्षण द्यायचे आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करायचे. मॉन्टगोमेरीच्या बहिष्काराची बातमी त्यांनी 'नागपूर टाइम्स'मध्ये वाचली. परत गेल्यावर १९५७ मध्ये ओबर्लिन कॉलेजात त्यांची किंग यांच्याशी भेट झाली. किंग म्हणाले, दक्षिणेत या, तुमच्यासारखा माणूस आमच्याकडे नाही. लॉसन नॅशव्हिलला गेले आणि तिथे विद्यार्थ्यांचे वर्ग सुरू केले. शिव्या, थुंकणं, मारहाण, अंगावर सिगारेट विझवणं, हे सगळं सोसून गोऱ्यांसाठी राखलेल्या लंच काउंटरवर जागेवर बसून कसं राहायचं याचा सराव त्यात असे. डायेन नॅश, जॉन लुईस, जेम्स बेव्हल, बर्नार्ड लाफायेट हे त्या वर्गांतले विद्यार्थी. ७ मार्च १९६५ ला सेल्माच्या एडमंड पेट्टस पुलावर मोर्च्याच्या पुढच्या रांगेत ज्यांचं डोकं फुटलं ते हेच जॉन लुईस.

सावनीताई, तुमच्या मुद्द्याला हे जोडून घ्या. पडद्यावर पूल दिसतो, पुलाआधीचे ते वर्ग दिसत नाहीत. मुलांना वाटतं की धैर्य त्या दिवशी आपोआप आलं. त्यामागे आठवडेच्या आठवडे केलेली तालीम होती.

रानवारा

मी मराठवाड्यात एका कॉलेजात बी.ए.ला इंग्रजी साहित्य शिकवतो. आमच्या मुलांची अडचण वेगळी. दहावीपर्यंत कवितेचं रसग्रहण तीन ठरलेल्या मथळ्यांखाली लिहायची सवय लागलेली: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. गोष्ट कुठलीही असो, तिला हे तीन कप्पे लावायचे. बरीच मुलं गाईडमधून उतरवतात. त्यांना दोष देत नाही, घरात लिहिणारं पहिलंच माणूस असतं ते.

अमेरिकन चळवळ त्यांना लांबची वाटते, म्हणून मी सुरुवात महाडपासून करतो. पहिल्या दिवशी विचारतो, चवदार तळ्याबद्दल काय माहीत आहे ते लिहा. येतं असं: बाबासाहेबांनी पाणी प्यायलं आणि तळं सर्वांना खुलं झालं. म्हणजे मॉन्टगोमेरीत झालं तेच. मग मी तारखा फळ्यावर मांडतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ ला झाला. महाड नगरपालिकेने १९२४ ला तळं कागदोपत्री खुलं केलं. परिषदेची जमवाजमव आर. बी. मोरे आणि स्थानिक मंडळींनी केली. अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस सोबत होते. २० मार्च १९२७ ला पाणी प्यायलं, त्याच दिवशी लोकांवर हल्ले झाले. त्याच वर्षी नगरपालिकेने ठराव मागे घेतला, डिसेंबरात दिवाणी कोर्टाचा मनाई हुकूम आला, आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला मार्च १९३७ मध्ये. दहा वर्षं!

ही दहा वर्षं मुलांना कुणी सांगितलेलीच नसतात. ती कळली की ती मॉन्टगोमेरीकडे स्वतःहून वळतात आणि विचारतात, तिथे कोर्टात कोण गेलं होतं?

तुलना करताना एक पथ्य मात्र पाळायला सांगतो. जात म्हणजे वंश आणि वंश म्हणजे जात असं एका वाक्यात लिहायचं नाही. दोन्ही बाजूंच्या लोकांनी एकमेकांकडे कधी, कशासाठी पाहिलं ते शोधायचं. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहून निग्रो संघटनेने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या होत्या, ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिलं. १९७२ ला मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा नाव अमेरिकेतल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतलं. असे खरे धागे पुरेसे आहेत, ओढूनताणून साम्य दाखवायची गरज पडत नाही.

दुर्वांकुर

सगळे प्रतिसाद वाचते आहे. माझी मुलगी दहावीत, टेक्सासमध्ये. तिच्या निबंधाला चांगले गुण मिळाले पण वरचं सगळं वाचल्यावर वाटलं की त्यात 'थकलेली बाई'च आहे. तिला एक प्रश्न नेहमी पडतो: हा आपला इतिहास नाही, आपण यावर मत कसं मांडायचं? ती फार जपून लिहिते, त्यामुळे निबंध मिळमिळीत होतो.

आणि ताई, मूळ कागदपत्रं म्हणजे नेमकी कुठली? आम्ही इंजिनिअर माणसं, शोधायचं कुठे तेही कळत नाही.

आजोबा_शिकागो

दुर्वांकुर, मुलीच्या प्रश्नाला उत्तर देतो. मी सत्तरच्या दशकात आलो. येऊ शकलो कारण ३ ऑक्टोबर १९६५ ला नवा इमिग्रेशन कायदा झाला. त्याआधी भारतासाठी वर्षाला १०० जणांचा कोटा होता. ज्या काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, ऑगस्ट १९६५ मध्ये मतदान हक्काचा कायदा केला, तिनेच दोन महिन्यांत हा केला. वंश आणि मूळ देशावरून माणसांना वर्गवार लावणं चूक आहे हे त्या काळात कायदेमंडळाला मान्य करावं लागलं, ते रस्त्यावरच्या लोकांमुळे. सेल्माच्या पुलावर मार खाल्लेल्यांचं आपल्या घरावर ऋण आहे. तुमच्या घरावरही आहे. मुलीला सांगा, दुसऱ्याच्या दुःखावर मत द्यायचं नसेल तर देऊ नकोस, पण आपण इथे कसे आलो हे लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

अन्विता११

नमस्कार, मी स्वतः अकरावीत आहे. मराठी लिहायला आजीने मदत केली आहे. आम्हाला 'टू किल अ मॉकिंगबर्ड' कादंबरी होती. त्यात मायेला या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय माणसावर येतो, त्याचा वकील ॲटिकस, आणि गोष्ट सांगते ॲटिकसची लहान मुलगी स्काऊट. माझा मुद्दा असा: टॉम रॉबिन्सन हा माणूस या कथेचं केंद्र आहे, पण तो जवळजवळ फक्त कोर्टात, प्रश्न विचारले तरच बोलतो. आणि जेव्हा तो मनातलं एक वाक्य बोलतो, की मला मायेलाची कीव आली, तेव्हा तेच त्याच्यावर उलटतं. ॲटिकस कोर्टातून जाताना वरच्या सज्जातले कृष्णवर्णीय लोक उभे राहतात, पण गप्प राहतात. म्हणून मला वाटतं की लेखिकेने त्यांना आदर दाखवण्याचं काम दिलं, पण प्रतिकार करण्याचं नाही. माझे शिक्षक म्हणाले की हे कादंबरीवर अन्याय करणारं आहे, कारण गोष्ट लहान मुलगी सांगते. कोण बरोबर?

चित्रकथी

अन्विता, फार चांगलं निरीक्षण. शिक्षकांचा मुद्दाही सोडू नकोस, त्याला निबंधात जागा दे. स्काऊटला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं हे खरं. पण निवेदक कोण असावा हे लेखिकेनेच ठरवलं ना? सज्जात ती त्या लोकांच्या मधोमध बसलेली असते. तिथे बसून तिला काय ऐकू येतं आणि काय येत नाही, त्या पानांवर जा. उत्तर तिथे मिळेल.

सावनी_एनजे

अन्विता, तुझ्या मुद्द्यात एक तारीख घाल, तो दुपटीने भक्कम होईल. गोष्ट तिशीच्या दशकातली, पण कादंबरी आली १९६० च्या जुलैत. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोत चार कृष्णवर्णीय कॉलेज विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या लंच काउंटरवर जाऊन बसले होते, आणि महिन्या-दोन महिन्यांत हे लोण दक्षिणेतल्या शहराशहरांत पोचलं होतं. ज्या वर्षी रस्त्यावरची तरुण मुलं कुणाची वाट न बघता उठली, त्या वर्षी लाखो वाचकांनी गप्प उभ्या राहिलेल्या लोकांची गोष्ट डोक्यावर घेतली. का घेतली असेल? यावर तू दोन पानं सहज लिहिशील. आणि तिशीच्या दशकातही सगळे गप्प नव्हते: अलाबामातल्याच स्कॉट्सबरो खटल्यांमधून (नऊ कृष्णवर्णीय मुलांवर बलात्काराचा खोटा आरोप होता) १९३५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की ज्युरीतून कृष्णवर्णीयांना पद्धतशीर वगळणं घटनाबाह्य आहे. तो नॉरिस खटला कादंबरीतल्या ज्युरीशेजारी ठेवून बघ.

दुर्वांकुर, कागदपत्रांबद्दल. दोनच सांगते, दोन्ही इंटरनेटवर फुकट मिळतात.

पहिलं, अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असलेली बसची आकृती. ब्राऊडर खटल्यात पुरावा म्हणून आलेली. पार्क्सबाई कुठे बसल्या होत्या ते त्यात दाखवलंय. मुलीला आधी स्वतःच्या निबंधातलं वाक्य वाचायला सांगा, मग ही आकृती दाखवा. समजावून सांगायची गरज पडणार नाही.

दुसरं, जो ॲन रॉबिन्सन यांनी महापौर गेल यांना लिहिलेलं २१ मे १९५४ चं पत्र. पार्क्सबाईंच्या अटकेच्या दीड वर्ष आधीचं, आणि शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या ब्राऊन निकालानंतर चारच दिवसांनी लिहिलेलं. अतिशय नम्र भाषा, आणि मधोमध सरळ हिशेब: तुमच्या बसचे चारातले तीन उतारू आम्ही आहोत, आम्ही बसलो नाही तर बस चालणार नाहीत. पंचवीसएक संघटना बहिष्काराचा विचार करताहेत हेही त्यात सांगितलंय. पत्र जेमतेम पानभराचं आहे. त्यातलं कुठलं वाक्य विनंती आहे आणि कुठलं इशारा, हे मुलीला समासात खुणा करून ठरवू दे. तेवढ्यावर एक परिच्छेद लिहायला सांगा, अजून चित्रपट नको, कादंबरी नको. तिची हरकत नसेल तर तो परिच्छेद इथे टाका, आपण सगळे मिळून वाचू.